पाच सेकंद शांतता

"सही करणार का न्हाई, तेवढं सांगा!"

अभिनंदन चौगुले हे तिसऱ्यांदा ओरडला. पहिल्या दोन वेळा त्याचं त्यालाच ऐकू आलं नव्हतं.

इचलकरंजीच्या टोकाला, जिथं गाव संपून उसाचं रान सुरू होतं, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ माग चालू होते. नवखा माणूस अशा ठिकाणी पाच मिनिटांत डोकं धरून बाहेर पळतो. इथली माणसं तिथं उभी राहून पोरांची लग्नं ठरवतात.

कोपऱ्यातल्या बाकावर दस्तगीर मुल्लाणी बसले होते. गाव त्यांना चाचा म्हणायचं. बेचाळीस वर्षं ते जॉबर होते, म्हणजे मागाचे डॉक्टर. शेडच्या दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि आतल्या चाळीस मागांपैकी कुठला आजारी आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. सांगितलेला नंबर कधी चुकला नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं सोडा, पण तीन-चार मालकांनी मलाही तेच सांगितलंय आणि मालक लोक कुणाचं कौतुक फुकट करत नाहीत.

चाचांच्या हातात एक धोटा होता. मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी धोटा. ते त्याला तेल चोळत होते.

त्यांनी अभिनंदनच्या तोंडाकडे पाहिलं. मागवाले कानांनी थोडं आणि ओठांवरून जास्त ऐकतात.

"कशावर सही?"

"ह्याच्यावर."

अभिनंदननं प्लास्टिकच्या फाइलमधून एक कागद काढला. स्वच्छ, छापलेला, रकाने आखलेला.

चाचांनी कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि त्यालाच आपला तेलकट अंगठा पुसला.

"चाचा!"

"काय झालं?"

"आठ दिवस बसून लिहिलाय त्यो कागद! आणि तुम्ही हात पुसताय?"

"मला कागद ऐकू येत न्हाई," चाचा म्हणाले. "वाचून दाखव."

अभिनंदनचे कान लाल झाले. वय चोवीस, बँडमध्ये गिटार वाजवणारा आणि गाणारा. गाणारा म्हणजे ओरडणारा. असल्या गाण्याला पोस्ट-पंक म्हणतात, असं त्यानं घरात, गल्लीत आणि देवळातसुद्धा समजावून सांगितलं होतं. तुटक, रागावलेलं, एकाच ठेक्यावर अडून बसलेलं गाणं. कोल्हापुरात तीन ठिकाणी त्यांनी ते वाजवलं, पोरांनी डोक्यावर घेतलं. तेव्हापासून याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

गाण्याचं नाव 'धोटा'. चाल याची. शब्द मात्र त्रिशलाचे.

त्रिशला त्याची थोरली बहीण. तिला आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या डोक्यात कळ जाते, भांडं पडलं तर ती भिंत धरून उभी राहते. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम आहेत म्हणाले. म्हणजे नाटक आहे, असा अर्थ घरच्यांनी, सगळ्यांत आधी वडिलांनी म्हणजे अण्णांनी काढला. एकोणिसाव्या वर्षी ती आजऱ्याच्या पुढं, जंगलाच्या कडेला मावशीकडं निघून गेली. त्याला नऊ वर्षं झाली. तिथल्या वाचनालयात बसते. तिच्यासारखी आणखी पंधरा-वीस माणसं वेगवेगळ्या गावांत आहेत, ती फोनवर लिहून एकमेकांना धरून असतात. एखादं गाणं ऐकावंसं वाटलं तर कुणीतरी आधी त्याचं आवाजपत्रक लिहितं. कुठला आवाज कधी सुरू होतो, कधी संपतो, जाड आहे की पातळ, सांगून येतो की न सांगता, आणि अंगात कुठं लागतो. मग ते पत्रक मांडीवर ठेवून, कान झाकत-उघडत ती माणसं गाणं ऐकतात.

आपले शब्द भावानं कसे गायलेत हे तिला ऐकायचं होतं. एवढंच तिनं मागितलं होतं.

"वाच की," चाचा म्हणाले.

अभिनंदन वाचायला लागला. ओरडूनच.

"सुरुवातीपासून एकोणीस सेकंद नुसता ड्रम. सुका, एकसारखा. सांगून येतो. छातीत लागतो."

"बरं."

"एकोणीस सेकंदाला बेस. जाड. पोटात खाली लागतो. तो मग सुटत न्हाई."

"बरं."

"एक मिनिट दोन सेकंदाला गिटार. पातळ. पत्र्यावर खिळा ओढावा तशी. न सांगता येते, दातात लागते. चार सेकंद."

चाचांनी नुसती मान हलवली.

"दीड मिनिटाला मी ओरडतो. त्यात शब्द न्हाईत, नुसतं ओरडणं हाय. कान घट्ट झाक."

"हं."

"दोन मिनिटं चाळीस सेकंदाला सगळं थांबतं. पाच सेकंद शांतता. कान मोकळे कर. श्वास घे."

"पुढं?"

"दोन पंचेचाळीसला सगळे एकदम. पुन्हा झाक."

चाचा त्याच्या ओठांकडं बघत राहिले.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले.

"मग करा सही!"

"चांगलं लिवलंय म्हटलं. बरोबर लिवलंय असं कुठं म्हटलं?"

अभिनंदननं फाइल बाकावर आपटली. पलीकडे आठ मागांवर एकटा राबणारा शिवाप्पा वळून बघून पुन्हा सुतात गुंतला.

"तुम्ही पण तिच्याच बाजूचं! सगळं जग तिच्या बाजूचं! ऐका, काय झालं ते ऐका आणि मग बोला."

चाचांनी धोटा खाली ठेवला.

"मी पत्रक पाठवलं. गाणं पाठवलं. अक्का दुपारी मावशीच्या सोप्यात बसली. कानात कापूस, वर हात. पत्रकात लिहिलंय तसं तसं ऐकत गेली. गिटार सोसली. माझं ओरडणं सोसलं. मावशी सांगती, हसत हुती म्हणे! मग दोन चाळीस आलं. मी लिहिलंय कान मोकळे कर. तिनं केले. कापूस पण काढला. वाकून स्पीकरला कान लावला… आणि ताठ झाली. स्पीकर फेकला, उलटी केली, पळताना चौकटीवर कपाळ आपटलं. तीन टाके पडले. दोन दिवस खिडक्या लावून अंधारात. तिसऱ्या दिवशी मला लिहिलं, तू खोटं लिहिलंस."

त्याचा आवाज फाटला. रागानं फाटला, की कशानं, ते त्या आवाजात कळायला मार्ग नव्हता.

"शांततेत झालं हे, चाचा! आवाजात न्हाई, शांततेत! तिथं काहीच न्हाई. मी स्वतः सगळं बंद केलंय तिथं. आता जिथं काहीच न्हाई त्याचीपण भीती वाटाय लागली, त्याला मी काय लिहू? अण्णा म्हणतात तेच खरं. लाडावलीया. मी फोन केला आणि सांगितलं, अक्का तू नाटकी हायस. खोटारडी हायस."

"म्हणालास तसं?"

"म्हणालो! आणखी चार शब्द बोललो."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

अभिनंदननं खिशातून फोन काढला आणि बहिणीचा निरोप वाचला. हा मात्र त्यानं हळू वाचला. चाचांना ओठांवरून कळला.

'गावात खरं ऐकणारा एकच माणूस आहे. दस्तगीरचाचा. त्यांना पत्रक दाखव. ते बरोबर आहे म्हणाले आणि त्यांनी सही केली, तर माझंच डोकं खोटं आहे असं मी मानीन, यापुढं तक्रार करणार नाही. नाही केली, तर माझे शब्द गाण्यातून काढ. आणि मला पुन्हा फोन करू नकोस.'

"आता कळलं?" अभिनंदन पुन्हा चढ्या आवाजात म्हणाला. "एक सही. तिच्या डोक्यातलं खूळ जाईल, घरात शांतता होईल, गाणं वाचंल. एवढंच काम हाय तुमचं."

चाचांनी विचारलं, "आणि तिचं डोकं खोटं ठरलं तर ती कशाच्या जिवावर जगंल?"

अभिनंदन आणखी रागावला. प्रश्न खरा असला की आपण सगळेच असंच करतो.

"गाणं हाय संगं?" चाचांनी विचारलं.

त्यानं पिशवीतून मुठीएवढा स्पीकर काढून बाकावर ठेवला. "ह्या गोंगाटात काय ऐकू येणार हाय तुम्हाला?"

चाचांनी हत्यारांच्या डब्यातून हातभर लांबीचा डिसमिस काढला. स्क्रूड्रायव्हरला तिकडं हेच नाव आहे. त्याचं टोक स्पीकरच्या अंगाला टेकवलं, मूठ आपल्या कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. बेअरिंगचा आजार ते असाच ऐकायचे. मग बाहेर कितीही कल्लोळ असो, लोखंडातून येईल तेवढंच हाडात उतरतं.

अभिनंदननं गाणं लावलं. त्याला स्वतःला ते अर्धवटच ऐकू येत होतं. फोनवर सेकंद मात्र दिसत होते.

एकोणीस. चाचांनी पोटावर हात ठेवला.

एक मिनिट दोन. त्यांनी दात आवळले.

दीड मिनिट. भुवया वर गेल्या. अभिनंदनला बरं वाटलं.

दोन चाळीस.

चाचांचे डोळे उघडले.

"परत लाव."

"सगळं?"

"चाळीसपासनं."

त्यानं लावलं.

"परत."

तिसऱ्या वेळी चाचांनी डिसमिस काढून मांडीवर ठेवला आणि अभिनंदनकडं पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती.

"काय?" अभिनंदन म्हणाला. "हाय काय तिथं काही? शांतता हाय का न्हाई?"

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकत, आठ मागांच्या मधून, सरळ भिंतीकडं गेले. तिथं विजेचा मेन होता. त्यांनी तो खाडकन खाली ओढला.

आठही माग चार-दोन झटके देऊन एकेक करून मेले.

मागवाल्या गावात ही एक भयंकर गोष्ट आहे. चालता माग असा मध्येच थांबला की कापडावर आडवी रेघ उठते, ती काही केल्या जात नाही. बेचाळीस वर्षांत ज्या माणसानं अशी रेघ पडू नये म्हणून हातांची सालं काढून घेतली, त्यानंच आज आठ ठिकाणी ती पाडली.

"कुणी पाडला मेन?" शिवाप्पा बोंबलला. एवढ्या शांततेत त्याचा आवाज नको तितका मोठा झाला. "चाचा! याड लागलं काय तुम्हाला? आठी मागांवर रेघ पडली की! मालक कुणाला फाडून खाणार? मला! तुम्ही बसा बाकावर धोटं चोळत!"

"खाऊ दे," चाचा म्हणाले.

"खाऊ दे? माझी सकाळपासनची मेहनत पाण्यात गेली आणि खाऊ दे?"

"शिवाप्पा, गप ऱ्हा. शिव्या मग घाल, बसून घाल. आधी एक गाणं ऐक."

"गाणं?"

शिवाप्पानं सुताचा गुंता जमिनीवर आपटला आणि एका मागाला टेकून उभा राहिला. राग गिळायला माणसाला काहीतरी टेकायला लागतं.

"लाव," चाचा अभिनंदनला म्हणाले. "पहिल्यापासनं. आणि आवाज मोठा कर."

बंद शेडमध्ये गाणं सुरू झालं. सुका ड्रम, मग पोटातला बेस. अभिनंदनचा आवाज आला, बोलल्यासारखा, दातओठ खात.

*इकडून तिकडं, तिकडून इकडं,*
*हे घर म्हणायचं की पेटी?*

त्रिशलाच्या त्या दोन ओळी पत्र्यावर आदळून परत आल्या. गिटार खरवडून गेली. ओरडणं आलं, शिवाप्पानं तोंड वाकडं केलं. मग पुन्हा ठेका, पुन्हा तोच ठेका, आणि दोन मिनिटं चाळीस सेकंदाला सगळं थांबलं.

एक…

दोन…

तिसऱ्या सेकंदाला शिवाप्पानं मान वळवली.

तो सरळ पलीकडच्या टोकाला गेला. शेवटच्या मागावर पंजा ठेवला. मग त्याच्या अलीकडच्या. मग तिसऱ्या. मागं गाणं पुन्हा भडकलं होतं, सगळी वाद्यं एकदम सुरू झाली होती, पण त्याला त्याचं काही नव्हतं. गाणं संपेपर्यंत त्यानं आठही मागांवर हात ठेवून पाहिला.

"चाचा," तो म्हणाला, "मेन पाडलाय न्हवं?"

"पाडलाय."

"मग ह्यो कुठला चालू ऱ्हायला? खटाक्-खटाक् ऐकू आलं की आत्ता. मला वाटलं सात नंबर."

अभिनंदन हसला. ते हसू फार टिकलं नाही.

"बाहेरून आलं असंल," तो म्हणाला.

"बाहेर उसाचं रान हाय," शिवाप्पा म्हणाला.

अभिनंदननं स्पीकर उचलून कानाला लावला. दोन चाळीस. पाच सेकंद. पुन्हा दोन चाळीस. पुन्हा. मग त्यानं गाणं सुरुवातीपासून लावलं, आणि आता ते त्याला पहिल्या सेकंदापासून ऐकू यायला लागलं. ड्रमच्या खाली होतं. बेसच्या मागं होतं. त्याच्या ओरडण्याच्या पोटात होतं. आणि दोन चाळीसला सगळ्यांनी हात उचलल्यावर ते एकटं, उघडं उरत होतं.

खटाक्… खटाक्. खटाक्… खटाक्.

"मी दोनशे वेळा ऐकलंय हे गाणं," तो म्हणाला. "दोनशे वेळा, चाचा."

"कुठं बसून?"

"घरात. माडीवर."

"माडीखाली काय हाय?"

"अण्णांचे माग."

"रेकॉर्डिंग कुठं केलंस?"

"तिथंच. पण भिंतींना गाद्या लावल्या हुत्या! खिडक्यांत पोती कोंबली. आईला भांडी घासू दिली न्हाईत. पंखा बंद केला, फोन बंद केले. सगळं शांत केलं हुतं."

"आणि माग?"

"माग?" अभिनंदन म्हणाला. "माग कशाला बंद करायचे?"

हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्यात लबाडी नव्हती. इचलकरंजीच्या पोराला मागाचा आवाज म्हणजे आवाज वाटतच नाही. तिथं वीज गेली की माणसं दचकून उठतात, आणि काय झालं म्हणून दारात येतात.

चाचा त्याच्या समोर येऊन उभे राहिले. आता त्यांना ओठ वाचायची गरज नव्हती, आणि आवाज चढवायचीही नव्हती. त्यांनी चढवला तरी.

"चार नंबर हाय त्यो! तुज्या बा'चा, भूपालअण्णाचा चार नंबर. डाव्या अंगाची काठी धोट्याला उशिरा मारती. मधी अर्धा श्वास पडतो. ह्या गावात तसा दुसरा माग न्हाई. मी बसवलाय त्यो, ह्या हातांनी!"

"म्हणजे अक्काला…"

"तुज्या अक्काचा पाळणा त्याच भिंतीला टांगलेला हुता. अकरा महिने पोर रडली. दूध पाजलं तरी रडली, दृष्ट काढली तरी रडली. लाईट गेली की झोपायची. लाईट आली की कळ आल्यागत ताठ व्हायची. सगळ्या घरानं बघितलं, अभ्या. आंधळ्यालापण कळलं असतं. तुझ्या आईनं माझ्यापुढं हात जोडले. चाचा, एवढा एक माग बंद ठेवायला सांगा ह्यांना."

शिवाप्पा शिव्या द्यायच्या विसरून जवळ आला होता.

"मग?" अभिनंदननं विचारलं.

"मी त्या काठीला चामड्याचा तुकडा बांधला आणि म्हटलं, आता न्हाई रडणार. अण्णाला म्हटलं, पोरगी किरकिरी हाय, माग चांगला हाय."

"का म्हणालात तसं? तुम्हाला तर ऐकू येत हुतं! सगळ्या गावात तुम्हाला एकट्याला ऐकू येत हुतं! माझं सोडा, मी त्याच्यातच वाढलो. तुम्ही का न्हाई बंद केला?"

अभिनंदननं त्यांच्या छातीवरचा सदरा धरला होता. शिवाप्पा मध्ये पडायला आला. चाचांनी त्याला हातानंच थांबवलं.

"माझा माग हुता त्यो," चाचा म्हणाले. "चांगला चालणारा माग बंद करायचा म्हणजे माझ्या हाताला बट्टा. म्हणून न्हाई केला. एवढंच कारण. आता मार मला, मारायचं तर."

अभिनंदनची मूठ सुटली. तो बाकावर बसला. त्याला रडू येत होतं आणि रडायचा त्याला भयंकर राग होता, तेव्हा त्यानं स्पीकरलाच एक तडाखा दिला.

"ती कान लावून बसली हुती," तो म्हणाला. "मी म्हटलं म्हणून कापूस काढला. नऊ वर्षं ज्याच्यापासनं पळाली, तेच मी तिच्या कानात नेऊन घातलं. आणि वर खोटारडी म्हणालो."

मग तो एकदम उभा राहिला. राग आला की त्याला उपाय लगेच सुचायचे.

"काढून टाकतो! कॉम्प्युटरवर पुसता येतं. दोन तासांचं काम हाय. पाच सेकंद खरोखर शांत करून पाठवतो. तिला कळणारपण न्हाई तिथं काय हुतं."

चाचांनी बाकावर डिसमिस असा आपटला की डब्यातली हत्यारं उडाली.

"पुसायला सांगितलंय तिनं?"

"पण तिला त्रास…"

"पुसायला सांगितलंय? तू पुस, मी चामडं बांधतो, तुझा बा नाटक म्हणतो! अठ्ठावीस वर्षं सगळी मिळून तेच चाललंय! तिनं तुला लिवायला सांगितलंय रं, मूर्खा! जे हाय ते लिव म्हणाली. आन् तू तिला फसवायला निघालास!"

पत्र्यावर एक कबुतर चालत होतं, त्याची नखंसुद्धा ऐकू येत होती.

"मेन वर करू का?" शिवाप्पानं हळूच विचारलं.

"थांब."

चाचांनी तेलाचा डाग पडलेला कागद अभिनंदनपुढं सरकवला आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

"लिव. लिवून झालं की सही देतो."

अभिनंदननं डोळे मनगटानं पुसले. आधी त्यानं 'पाच सेकंद शांतता' या ओळीवर काट मारली. एकदा मारली, मग कागद फाटेपर्यंत मारत राहिला. मग खाली कोरी जागा होती तिथं नवी ओळ सुरू केली.

कसला आवाज, या रकान्यात त्यानं लिहिलं, 'आपला चार नंबर.'

कसा येतो, या रकान्यात लिहिलं, 'न सांगता.'

अंगात कुठं लागतो, इथं तो थांबला. मग लिहिलं, 'मला माहीत नाही. तू सांग.'

चाचांनी वाकून ते पाहिलं.

मग राहिला पहिला रकाना. कधीपासून. त्यानं शून्य मिनिटं शून्य सेकंद असं लिहिलं आणि कागद चाचांपुढं केला.

"खोड," चाचा म्हणाले.

"बरोबर हाय की! पहिल्या सेकंदापासनं वाजतोय त्यो. मी आत्ताच ऐकला. तुम्हीपण ऐकला."

"खोड."

"अहो, गाणंच शून्याला सुरू हुतंय!"

"खोड म्हटलं ना!"

अभिनंदननं चिडून शून्य खोडलं. पेन तसंच कागदावर टेकवून त्यानं वर पाहिलं.

"मग कधीपासनं लिहू?"

"ती जन्मली त्या दिवसापासनं."